वाचकांचे प्रश्न : पेशी पाहावी कशी, ओळखावी कशी?

पेशीविषयी आलेल्या पत्रांत काही प्रश्न इतिहासाचे आहेत, तर काही सूक्ष्मदर्शकासमोर बसल्यावर अडलेले. दोन्ही येथे एकत्रच घेतले आहेत. पेशीबद्दल कोणाला काय कळले, हे पुष्कळदा नमुना कसा तयार केला यावरच ठरत आले आहे.

प्रश्न : रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये पेशी शोधली असे आम्ही शिकलो. पण त्याने पाहिल्या त्या पेशी मृत होत्या आणि जिवंत पेशी पहिल्यांदा लेव्हेनहूकने पाहिल्या, असेही वाचनात आले. मग श्रेय कोणाचे?

उत्तर : दोघांचेही, पण वेगवेगळ्या कामांसाठी.

हूकने बुचाचा तुकडा घेतला. चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावून आधी एक बाजू गुळगुळीत केली आणि मग तिच्यावरून अगदी पातळ काप काढला. बूच फिके असल्याने त्याने तो काप काळ्या पट्टीवर ठेवला आणि जाड बहिर्वक्र भिंगातून त्यावर प्रकाश एकवटला. या तयारीमुळेच त्याला पोकळ्या आणि त्यांच्या भिंती स्पष्ट दिसल्या. जाड तुकड्यात पोकळ्यांचे थरावर थर येतात आणि काहीच उलगडत नाही. मग त्याने मोजणी केली. इंचाच्या अठराव्या भागात ६० पोकळ्या, म्हणजे एका इंचात १०८०. त्यावरून घन इंचात १,२५,९७,१२,००० पोकळ्या होतात असा हिशेब त्याने मांडला. आजच्या मापात सांगायचे तर एक पोकळी साधारण २४ मायक्रोमीटरची झाली. बुचाच्या पेशींतील जिवंत भाग झाडावर असतानाच संपून गेलेला असतो. त्यामुळे हूकला दिसल्या त्या रिकाम्या पेशीभित्तिका, हे खरे. मात्र त्याने काही ताज्या वनस्पतींचेही काप पाहिले होते आणि त्यांतल्या पोकळ्या रसाने भरलेल्या आढळल्याचे लिहून ठेवले होते. हा भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो आणि हूकवर थोडा अन्याय होतो.

अँतोनी व्हान लेव्हेनहूक हा नेदरलँड्समधील डेल्फ्टचा कापड व्यापारी. त्याचा सूक्ष्मदर्शक म्हणजे धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये बसवलेले एकच इवलेसे भिंग आणि नमुना टोचण्यासाठी स्क्रूने पुढेमागे होणारी सुई. उपकरण डोळ्याला जवळजवळ चिकटवून धरावे लागे. पण भिंग इतके उत्तम घासलेले असे, की उरलेल्या उपकरणांपैकी सर्वांत चांगले सुमारे २७० पट मोठे करून दाखवते. १६७४ मध्ये त्याने तळ्याच्या पाण्यातील हलणारे सूक्ष्मजीव पाहिले. १६७६ च्या पत्रात त्याने वर्णन केलेल्या काही जीवांचे आकारमान पाहता ते जीवाणूच असावेत. लंडनच्या रॉयल सोसायटीला हे पटेना. तेव्हा १६७७ मध्ये तेच निरीक्षण करून दाखवून दुजोरा दिला तो हूकनेच.

थोडक्यात, सजीवाची रचना लहान लहान कप्प्यांची आहे हे हूकने दाखवले आणि एकटी, स्वतंत्र जगणारी पेशी लेव्हेनहूकने. आपण एकाच गोष्टीच्या दोन बाजू पाहत आहोत, हे मात्र त्या दोघांनाही उमगले नव्हते.

प्रश्न : १६६५ ते १८३९ म्हणजे पावणेदोनशे वर्षे. पेशी दिसल्यावर पेशी सिद्धांत, म्हणजे सर्व सजीव पेशींचेच बनलेले असतात हा नियम, मांडायला एवढा वेळ का लागला?

उत्तर : एक अडचण भिंगांची होती. साध्या काचेच्या भिंगातून निरनिराळे रंग निरनिराळ्या अंतरावर एकवटतात, त्यामुळे प्रतिमेच्या कडांना रंगीत झालर येते. भिंगाच्या कडेवरून आलेले किरण आणि मधून आलेले किरणही एका बिंदूत जमत नाहीत. एकावर एक भिंगे लावली की हे दोष वाढतच जातात. हे दोष आटोक्यात ठेवून भिंगे कशी जोडावीत, हे जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी १८३० मध्ये दाखवले आणि त्यानंतर संयुक्त सूक्ष्मदर्शक भरवशाचा झाला.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. वनस्पतीच्या पेशीला भित्तिका असते, म्हणून तिची कड चटकन दिसते. प्राणिपेशीला फक्त प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, असते. ते इतके पातळ, की प्रकाश सूक्ष्मदर्शकाने त्याची जाडी दिसूच शकत नाही. त्यामुळे प्राण्यांच्या बऱ्याच उती अस्पष्ट, दाणेदार लगद्यासारख्या दिसत. लगद्यात पेशी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे ठरवणार कसे?

येथे केंद्रक मदतीला आले. रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींत प्रत्येकी एक गोलसर, गडद भाग असतो हे नोंदवले आणि त्याला केंद्रक म्हटले. वनस्पतिशास्त्रज्ञ श्लायडेन यांनी १८३८ मध्ये वनस्पतींची सारी रचना पेशींची असते असे मांडले आणि केंद्रकाला त्यात महत्त्वाचे स्थान दिले. शरीरक्रियाशास्त्रज्ञ श्वान यांना तशीच केंद्रके प्राण्यांच्या ऊतींत, विशेषतः बेडकाच्या पिल्लांच्या पृष्ठरज्जूत (पाठीतील लवचीक दांड्यात) आणि कूर्चेत दिसली. कड दिसो वा न दिसो, केंद्रक आहे म्हणजे भोवती पेशी आहे, या खुणेवर त्यांनी १८३९ मध्ये प्राणी आणि वनस्पती एकाच नियमाखाली आणले. माझ्या मते पेशीच्या इतिहासातील सर्वांत मोठी उडी हीच. हूकच्या बुचापेक्षा वर्गात या केंद्रकावर जास्त वेळ द्यायला हवा.

श्लायडेन आणि श्वान एका बाबतीत मात्र चुकले. द्रवातून स्फटिक तयार व्हावेत तशा नव्या पेशी आपोआप तयार होतात, असे ते मानत. रॉबर्ट रेमाक यांनी कोंबडीच्या भ्रूणातील रक्तपेशींचे विभाजन पाहून हे नाकारले. पेशी पेशीपासूनच निर्माण होते हे सूत्र रुडॉल्फ फिरशॉ यांच्या नावावर रूढ झाले (१८५५ आणि १८५८), पण त्यामागचे बरेचसे निरीक्षण रेमाक यांचे होते.

प्रश्न : आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी पेशींत फरक केवळ केंद्रक असण्या-नसण्याचा आहे का? परीक्षेत तक्ता लिहितो, पण मूळ मुद्दा समजत नाही.

उत्तर : तक्ता पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट धरून ठेवा. डीएनएभोवती पटल आहे की नाही, यावरून त्या पेशीत कामे कशी चालतात हे बदलते.

आदिकेंद्रकी, म्हणजे केंद्रकपटल नसलेल्या (जीवाणूंसारख्या) पेशीत डीएनए पेशीद्रव्यातच गुंडाळलेल्या अवस्थेत असतो. ई. कोलाय हा जीवाणू सुमारे २ मायक्रोमीटर लांब. त्याचा वर्तुळाकार डीएनए सरळ केला तर दीड मिलिमीटर भरेल. या डीएनएवरून आरएनएची प्रत निघू लागते आणि ती पुरी होण्याआधीच रायबोसोम तिच्यावर बसून प्रथिन बनवायला लागतात. मधे भिंतच नाही. त्यामुळे परिस्थिती बदलली की जीवाणू काही मिनिटांत नवे विकर (एन्झाइम) तयार करू शकतो आणि सगळे अनुकूल असेल तर ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो.

दृश्यकेंद्रकी, म्हणजे केंद्रकपटल असलेल्या (प्राणी-वनस्पतींच्या) पेशीत प्रत केंद्रकात निघते, तिथेच तिची काटछाट होते आणि मग ती केंद्रकपटलातील छिद्रांतून बाहेर येऊन रायबोसोमपर्यंत पोहोचते. वेळ जास्त लागतो. पण एकाच जनुकाच्या प्रतीची वेगवेगळी काटछाट करून वेगवेगळी प्रथिने बनवता येतात. शिवाय आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका, तंतुकणिका असे पटलांनी वेगळे केलेले कप्पे असल्याने परस्परांना मारक ठरतील अशा क्रिया एकाच पेशीत शेजारी शेजारी चालू शकतात. लयकारिकेतील विकरे पेशीद्रव्यात मोकळी राहिली असती, तर त्यांनी पेशीचेच घटक पचवायला घेतले असते.

रायबोसोम दोन्हीकडे असतात. फरक आकाराचा आहे. आदिकेंद्रकी पेशीत ७०एस, तर दृश्यकेंद्रकी पेशीच्या पेशीद्रव्यात ८०एस (एस हे कण द्रवात किती वेगाने खाली बसतो याचे एकक). याचा थेट उपयोग औषधांत होतो. टेट्रासायक्लिन आणि स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूच्या रायबोसोमवर चालतात, तर पेनिसिलीन जीवाणूची पेशीभित्तिका नीट बांधू देत नाही. मायकोप्लाझ्मा या जीवाणूला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून त्याच्यावर पेनिसिलीन निरुपयोगी ठरते.

तंतुकणिका आणि हरितलवके यांना स्वतःचा डीएनए आणि जीवाणूंच्या धर्तीचे रायबोसोम असतात, हेही लक्षात ठेवा. ही अंगके म्हणजे कोणे एके काळी दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच राहिलेले जीवाणू आहेत, ही कल्पना लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये नव्याने, पुराव्यांसह मांडली. आज ती सर्वमान्य आहे. हरितलवकांचे पूर्वज नीलहरित जीवाणू होते.

प्रश्न : आपल्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते. मग तिला आदिकेंद्रकी म्हणायचे का?

उत्तर : नाही. ती अस्थिमज्जेत तयार होते तेव्हा तिला केंद्रक असते. परिपक्व होताना ते बाहेर टाकले जाते, पाठोपाठ तंतुकणिका आणि रायबोसोमही जातात. उरते ती हिमोग्लोबिनने भरलेली, ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची, दोन्ही बाजूंनी खोलगट चकती. नवी प्रथिने बनवता येत नसल्याने ती दुरुस्त होत नाही आणि सुमारे १२० दिवसांत संपते. पक्षी, मासे आणि बेडूक यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक शेवटपर्यंत टिकते. पेशीचा प्रकार तिच्या वंशावरून ठरतो, एखाद्या टप्प्यावर ती कशी दिसते यावरून नाही.

प्रश्न : आर्किया हे केंद्रक नसलेले सूक्ष्मजीव म्हणजे जीवाणूच ना? मग त्यांचा वेगळा गट कशाला?

उत्तर : सूक्ष्मदर्शकाखाली दोघांत फरक करता येत नाही. दोघांतही केंद्रक नाही आणि आकारही सारखेच. म्हणूनच १९७७ पर्यंत ते एकत्र होते. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दिसण्यावर न जाता रायबोसोममधील आरएनएच्या क्रमांची तुलना केली. हा रेणू प्रत्येक पेशीत असतो, एकच काम करतो आणि फार सावकाश बदलतो. त्यामुळे दूरची नाती शोधायला तो योग्य. मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव इतर जीवाणूंपासून जितके दूर आहेत, तितकेच आपल्यासारख्या दृश्यकेंद्रकींपासूनही दूर आहेत, असे त्यातून निघाले.

नंतर इतर फरकही पुढे आले. जीवाणूंच्या पटलातील मेदरेणू एस्टर बंधांनी जोडलेले असतात, आर्कियांचे ईथर बंधांनी आणि त्यांच्या साखळ्या फांद्या फुटलेल्या. जीवाणूंच्या भित्तिकेतील पेप्टिडोग्लायकन आर्कियात नसते. उलट डीएनएवरून आरएनए बनवण्याची त्यांची यंत्रणा जीवाणूंपेक्षा आपल्या पेशींच्या अधिक जवळची आहे. म्हणून १९९० मध्ये जीवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी असे तीन मोठे विभाग सुचवले गेले. आर्किया फक्त उकळत्या झऱ्यांत किंवा खारट तलावांत राहतात हा समज चुकीचा आहे. साध्या समुद्राच्या पाण्यात, मातीत आणि गुरांच्या पोटातही ते असतात.

म्हणून ‘पेशींचे दोन प्रकार’ हे रचनेपुरते खरे आहे. नात्याने पाहिले तर गट तीन.

प्रश्न : सगळ्या पेशी इतक्या लहान का असतात?

उत्तर : पेशीला हवे ते सारे पृष्ठभागातून आत घ्यावे लागते आणि वापर होतो तो आतल्या आकारमानात. १ मायक्रोमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ आणि घनफळ १. बाजू १० केली की पृष्ठफळ ६०० आणि घनफळ १०००. म्हणजे घनफळाच्या प्रत्येक एककामागे पृष्ठभाग ६ वरून ०.६ वर आला. त्यात भर म्हणजे रेणू विसरणाने (दाट जागेतून विरळ जागेकडे आपोआप) पसरतात तेव्हा अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट लागतो.

मोठ्या पेशी ही अडचण टाळतात, ती सोडवत नाहीत. चेतापेशी लांब पण बारीक असते. वनस्पतिपेशीचा बहुतेक भाग रिक्तिकेने (द्रवाने भरलेल्या पिशवीने) व्यापलेला असतो आणि पेशीद्रव्य कडेला पातळ थरात राहते. नामिबियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रतळात सापडलेला थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस हा जीवाणू पाऊण मिलिमीटरपर्यंत वाढतो, पण तोही आतून मोठ्या रिक्तिकेने भरलेला. २०२२ मध्ये वर्णन झालेला त्याचा भाऊबंद थायोमार्गारिटा मॅग्निफिका तर सुमारे १ सेंटिमीटर लांब, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. त्याच्यात डीएनए आणि रायबोसोम पटलाने वेढलेल्या लहान पिशव्यांत असतात. जीवाणूत असे कप्पे नसतात, या आपल्या नियमालाच त्याने धक्का दिला आहे.

प्रश्न : कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी केली. काळ्या कडेची गोल वर्तुळे दिसली, केंद्रक मात्र सापडले नाही. काय चुकले?

उत्तर : ती वर्तुळे म्हणजे हवेचे बुडबुडे. कड जाड, काळी आणि अगदी रेखीव गोल असेल, तर ती पेशी नव्हे. आवरण काच सपाट टाकली की बुडबुडे अडकतात. तिची एक कड पाण्याच्या थेंबाला टेकवून ४५ अंशांत धरा आणि दुसरी कड सुईवर टेकवून सावकाश खाली आणा.

पापुद्रा मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा घ्या. तो सहज सुटतो. सुटताक्षणी पाण्यात टाका, नाहीतर वळतो आणि सुकतो. ५ मिलिमीटरचा चौकोन पुरेसा आहे. मोठा तुकडा हमखास दुमडतो, मग दोन थर एकमेकांवर येऊन भित्तिकांची जाळी दिसते. विरल आयोडीनचा एक थेंब टाकून २ ते ३ मिनिटे थांबा, जास्तीचा टिपकागदाने टिपून घ्या. सॅफ्रॅनिन वापरलेत तर अर्धा ते एक मिनिट पुरे आणि नंतर पाण्याने धुणे आवश्यक, कारण ते भित्तिकाही रंगवते आणि सगळेच लाल दिसते.

एवढे करूनही केंद्रक दिसत नसेल, तर सूक्ष्मदर्शकाच्या मंचाखालचा पडदा बघा. तो पूर्ण उघडा असला की प्रकाशाच्या झोतात फिकी रचना विरून जाते. पडदा थोडा मिटा. शिवाय केंद्रक पेशीच्या मध्यभागी शोधू नका. मधली जागा रिक्तिकेची आहे, केंद्रक भित्तिकेलगत दाबले गेलेले असते. हरितलवके मात्र शोधत बसू नका. जमिनीखाली वाढणाऱ्या कंदाच्या या भागात ती नसतात.

लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पापुद्रा मिळाला तर रंग न घालताच पाहा. आवरण काचेच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा (१०० मिलिलिटर द्रावणात ५ ग्रॅम मीठ) आणि विरुद्ध कडेला टिपकागद लावून ते आत ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा भाग आक्रसत भित्तिकेपासून सुटतो. आधी कोपरे मोकळे होतात, मग मधे एक गोळा उरतो. एरवी न दिसणारे प्रद्रव्यपटल कुठे आहे, हे त्या जांभळ्या कडेवरून कळते. लगेच साधे पाणी ओढले तर पेशी पुन्हा भरतात. हा प्रयोग आयोडीन घातलेल्या पापुद्र्यावर होत नाही. आयोडीनने पेशी मरतात आणि मेलेल्या पेशीचे पटल क्षारांना अडवत नाही.

प्रश्न : दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच काचपट्टीवर पाहता येतील का? आणि त्यांचे माप कसे काढायचे?

उत्तर : येतील, आणि त्यासाठी सर्वांत सोपा नमुना म्हणजे गालाच्या आतल्या बाजूचे अस्तर. चूळ भरा, स्वच्छ कापसाच्या काडीने गालाच्या आतून हलकेच घासा आणि ती काचपट्टीवर ०.९ टक्के मिठाच्या पाण्याच्या थेंबात फिरवा. साध्या पाण्यात पेशी फुगून आकार बिघडतो. मिथिलिन ब्लूच्या विरल द्रावणाचा एक थेंब, एक मिनिट थांबणे, मग आवरण काच. वापरलेली काडी जंतुनाशकात टाका आणि काडी दुसऱ्याला देऊ नका.

१० पट वर्धनाच्या वस्तुभिंगाने (नमुन्याजवळच्या भिंगाने) पेशी शोधून मग ४० चे लावा. ४० चे भिंग लावल्यावर फक्त बारीक जुळणीचा स्क्रू फिरवा, मोठ्या स्क्रूने भिंग काचेवर आपटते. कडा वेड्यावाकड्या असलेल्या चपट्या पेशी आणि प्रत्येकीत एक गडद निळे केंद्रक दिसेल. आता एका पेशीवर नजर स्थिर ठेवा. तिच्या पृष्ठभागावर बारीक निळे ठिपके, काही ठिकाणी ओळीने किंवा जोडीने चिकटलेले दिसतात. ते तोंडातले जीवाणू. केंद्रक ८ ते १० मायक्रोमीटरचे, जीवाणू त्याच्या जेमतेम दहाव्या भागाएवढा. ठिपके सगळीकडे सारखेच विखुरलेले आणि पेशीबाहेरही तितकेच असतील, तर मात्र तो बहुधा न विरघळलेला रंग आहे. द्रावण गाळून पुन्हा करा.

मापासाठी नेत्रिकेवर (डोळा लावतो त्या भिंगावर) लिहिलेला क्षेत्र क्रमांक पाहा. तो १८ असेल तर त्याला वस्तुभिंगाच्या वर्धनाने भागा. १० च्या भिंगाला दृश्यक्षेत्राचा व्यास १.८ मिलिमीटर, म्हणजे १८०० मायक्रोमीटर. ४० च्या भिंगाला ४५० मायक्रोमीटर. कांद्याच्या ६ पेशी १० च्या भिंगाखाली क्षेत्राच्या व्यासावर टोकाला टोक लावून मावत असतील, तर एक पेशी ३०० मायक्रोमीटर लांब. गालाच्या ७ पेशी ४० च्या भिंगाखाली मावाव्यात, तर एक सुमारे ६४ मायक्रोमीटर. नेत्रिका आणि वस्तुभिंग यांच्या एकूण वर्धनाने, म्हणजे १०० किंवा ४०० ने, भागण्याची चूक फार होते. मग प्रत्येक माप दहापट लहान येते आणि गालाची पेशी तांबड्या रक्तपेशीएवढी निघते. तसे उत्तर आले, तर आधी भागाकार तपासा.